आलं का?

आमच्या गल्लीत कुणी 'आलं का?' असं विचारलं आणि तुम्ही 'काय आलं?' असं उलट विचारलंत, तर तुम्ही लातूरचे नाही हे तिथंच उघडं पडतं. नळाला पाणी आलं का, एवढाच त्याचा अर्थ. पाहुणे आले का, टपाल आलं का, निकाल आला का, हे प्रश्न आम्ही पुरते विचारतो. पाण्याला मात्र कर्ता लागत नाही. मी शाळेत मराठी शिकवते आणि अध्याहृत कर्ता समजावताना हेच उदाहरण देते. एकाही पोराला ते दुसऱ्यांदा समजवावं लागलेलं नाही.

फक्त माझ्या धाकट्या भावाने, उमाशंकरने, या दोन शब्दांचा वेगळा अर्थ लावून घेतला होता. त्याची गोष्ट सांगायची तर मीच सांगायला हवी. तो स्वतः सांगायला बसला तर पहिल्या वाक्याला 'बहुतेक' लावेल आणि दुसऱ्या वाक्यात तेही परत घेईल.

उमा नांदेडला राहून न्यूट्रॉनवर संशोधन करतो. न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या पोटातला एक कण. त्याच्यावर धन भार नाही, ऋण भार नाही, म्हणून तो कुणाकडे ओढला जात नाही. मला तो समजला आमच्या अप्पांवरून. अप्पा, म्हणजे आमचे वडील, विरूपाक्ष सरकी-पेंडवाले, गंजगोलाईच्या बाजारात दुकान चालवतात. घरात अव्वाची, म्हणजे आईची, आणि माझी कितीही जुंपली तरी ते दोघींच्या मधून चपला घालून सरळ बाहेर जातात, कुठेही न वळता. उमाला मी हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला आणि म्हणाला, "अक्का, तुला ऐंशी टक्के समजलं."

ही टक्क्यांची खोड त्याला नांदेडला लागली. तिथं तो न्यूट्रॉन मोजायचा आणि मोजलेले आकडे संगणकाला शिकवायचा. मागचे आकडे दाखवले की संगणक त्यातली ठेवण ओळखतो आणि पुढचे आकडे काय येतील ते सांगतो, शिवाय आपल्याला त्याची किती खात्री आहे तेही सांगतो. ही खात्री सांगण्याची पद्धत उमाला इतकी आवडली, की त्याने ती जेवणाच्या पाटापर्यंत आणली. आमटीत मीठ बरोबर आहे का, असं अव्वाने विचारलं की हा दोन घास खाऊन सांगणार, "सत्तर टक्के." अप्पा म्हणायचे, "पोरा, दुकानात असं बोलू नको. गिऱ्हाईक पेंड सत्तर टक्केच चांगली हाय म्हणून घरी जाईल."

एकदा त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही देवणीला गेलो. कांदेपोहे झाले, बोलणी गोडीत चालली होती. मुलीच्या मामांनी हसून विचारलं, "मग, पाव्हणं, पसंत हाय का?" आमचा शहाणा म्हणाला, "एकदाच पाहिलंय. एवढ्याशा माहितीवर साठ टक्क्यांच्या वर जाता येत न्हाई." त्यानंतरचा चहा आम्ही एसटी स्टँडवर प्यायलो.

अव्वाने त्याला तेही माफ केलं. ती अशीच आहे. अव्वा म्हणजे पार्वतम्मा, माहेर औशाचं. मुलाच्या बाबतीत तिच्या पोटात काही राहत नाही. उमा दहावीला पहिला आला ते शाळेच्या आधी गल्लीला कळलं होतं. मध्यंतरी तो फोनवर म्हणाला, "दुपारभर न्यूट्रॉनची वाट बघत बसलो, अव्वा, पण आलेच न्हाईत." फोनला खरखर होती. अव्वाने ऐकलं 'नूतन'. त्यानंतर ती महिनाभर घुम्यासारखी वागत होती, आणि एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "शिवू, ती नूतन कोणाची गं? आपल्यातली हाय का? आणि पोराला दुपारभर ताटकळत ठेवती म्हणजे लई शेफारलेली दिसती." नूतन नावाची कुणी मुलगी नाही हे कळल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाईट वाटलं.

तर हा उमा एका उन्हाळ्यात लातूरला आला तो वाकळीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू मांडीवर आडवी घेऊन. नांदेडपासून एसटीत तिला त्याने कुणाचा कोपर लागू दिला नव्हता. वाकळ सोडली तर आतून निघाली एक पोलादी नळी, तिच्यावर पांढऱ्या प्लास्टिकचं जाडजूड वेष्टण. नळीत कसलासा वायू होता. न्यूट्रॉन आत शिरला की तो टिपला जातो आणि संगणकावरचा आकडा एकाने पुढं सरकतो.

"हे काय रे?" अव्वाने विचारलं.

"नळी हाय, अव्वा. हिच्यात न्यूट्रॉन येतात."

"घरात एक नळ हाय, त्याला पाणी न्हाई. त्यात हा दुसरा आणलास. ह्याला तर पाणी यायचंच न्हाई."

त्याला मोजायचे होते आभाळातून येणारे न्यूट्रॉन. ते रात्रंदिवस आपल्या सगळ्यांवर पडत असतात म्हणे, आणि आपल्याला काही होत नाही. नांदेडच्या खोलीत न्यूट्रॉन सोडणारा एक स्रोत ठेवलेला होता, त्यामुळे तिथं बसून आभाळातले मोजणं म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून हवेतली धूळ मोजण्यासारखं. म्हणून त्याच्या सरांच्या परवानगीने नळी लातूरला आली. घरातली कुठली खोली घ्यायची, यावर त्याने बराच विचार केला आणि वरची खोली निवडली. तिच्या छतावर बरोबर पाण्याची टाकी आहे. टाकीच्या सावलीमुळे ती खोली घरात सगळ्यात गार, यंत्राला गारवा बरा, असा त्याचा हिशेब.

न्यूट्रॉनला दगड, लोखंड, शिसं काही अडवत नाही, पण पाणी अडवतं, हे मला उमानेच सांगितलेलं आहे. पाण्यात शिरला की तो धडका खात खात मंदावतो आणि तिथंच विरतो. नांदेडला विद्यार्थ्यांना तो हेच शिकवतो. त्यामुळे टाकीचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. टाकी सदा भरलेली असेल तर तिचा अडथळाही सदा सारखाच राहील, मग काळजी नाही, इथवर तो आला होता. म्हणून त्याने जिन्यातून हाक मारून विचारलं, "अव्वा, आपली टाकी भरलेली असती का?"

अव्वाने ऐकलं ते असं, की पोरगं नांदेडहून घामाघूम होऊन आलंय आणि पाणी कमी असेल म्हणून आंघोळीला बिचकतंय. आमच्याकडे आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही. ती खालून ओरडली, "काठोकाठ हाय! कायम काठोकाठ असती! तू बिनघोर आंघोळ कर!"

टाकीत तेव्हा वीतभर पाणी होतं. ती स्वतः तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत होती. पण उमाने तिचं म्हणणं जसंच्या तसं संगणकाला सांगून टाकलं: टाकी, कायम भरलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या गोष्टीला शंभर टक्के दिले, ते आईच्या बोलण्याला.

मग तो नांदेडला परत गेला. आकडे आपोआप त्याच्याकडे जाऊ लागले. काही महिन्यांत त्याचे फोन बदलले. तो भरभर बोलायला लागला. त्याच्या संगणकाला आकड्यांत एक ठेवण सापडली होती. आठवड्याच्या आगेमागे एका सकाळी न्यूट्रॉन एकदम कमी व्हायचे, मग हळूहळू वाढत पूर्वपदाला यायचे, की पुन्हा एकदम खाली. घड्याळासारखं नेमकं नाही, पण योगायोग म्हणावं इतकं सैलही नाही. त्याने हवेचा दाब पडताळून पाहिला, तापमान पाहिलं, सूर्यावरची वादळं पाहिली. कशाशीही जमेना. म्हणजे हे काहीतरी नवीन होतं. सर खूश झाले. आणि त्या जोरावर त्याला एका मोठ्या अणुभट्टीवरच्या प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा एकच होती. मुलाखत नांदेडलाच व्हायची होती. त्या भट्टीवर न्यूट्रॉन पाटाच्या पाण्यासारखे वाहतात, असं तो म्हणायचा, आणि असं म्हणताना त्याचा चेहरा मिठाईच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पोरासारखा दिसायचा. इतकं मन लावून त्याने आजवर काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

अव्वाने तर कहर केला. "आमच्या उमाला आभाळात काहीतरी सापडलंय," ही बातमी तिने गल्लीत, मठात, औशाला माहेरी आणि भाजीवाल्याला सांगितली. समोरच्या धुरपताबाईंनी विचारलं, "काय सापडलं म्हणं?" अव्वा म्हणाली, "ते अजून कुणालाच ठाऊक न्हाई." खोटं काही बोलली नाही ती.

मुलाखतीच्या आधी तयारीसाठी उमा लातूरला आला. संगणकाने सोमवारी सकाळी आकडा उतरणार असं भाकीत केलेलं होतं, आणि हे उतरणं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझा निम्मा दिवस माहेरीच जातो. सोमवारी सकाळी मी तिथंच होते. जिन्याच्या वर तो आणि खाली मोटारीच्या बटणापाशी अव्वा, दोघंही सकाळपासून वैतागलेले. त्या दिवशी कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती, पण ते आम्हाला अजून कळायचं होतं.

"आलं का?" वरून उमाने विचारलं. तो खरं तर स्वतःशीच, पडद्याकडे बघत बोलला होता.

"न्हाई आलं की!" अव्वा खालून म्हणाली.

"सकाळीच यायला पाहिजे व्हतं."

"सकाळीच येतं दर बारी. आज काय झालं कोण जाणे."

"मागच्या मंगळवारीबी सकाळीच व्हतं."

"हाव, मंगळवारीच आलं व्हतं. त्याच्या आधी मातूर बुधवारी."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग उमा जिन्याच्या तोंडाशी आला आणि खाली अव्वाकडे बघत राहिला.

"अव्वा," तो म्हणाला, "तुला कसं ठाऊक, मंगळवारी आलं ते?"

"मला न्हाई तर कुणाला ठाऊक असणार? मोटार मीच लावते."

तो गच्चीवर गेला. टाकीवर थाप मारल्याचा आवाज खालपर्यंत आला, पोकळ, ढोलावर मारावी तसा. मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी मुलांना किती वर्षं शिकवतेय, पण इथं तर कळसा डोक्यावर होता. ज्याला पाण्याने न्यूट्रॉन अडतात हे जिल्ह्यात सगळ्यात जास्त ठाऊक होतं, तो पाण्याच्या टाकीखाली बसून सूर्यावर संशय घेत होता! नळ आला की टाकी भरायची, न्यूट्रॉन अडायचे. आठवडाभर आम्ही पाणी वापरायचो, न्यूट्रॉन वाढायचे. आमच्या पोराने आणि त्याच्या संगणकाने मिळून महिनोन् महिने खपून लातूरचा नळ कधी येतो ते शोधून काढलं होतं.

मी हसायला लागले. उमा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी हसणं थांबवलं.

"तू तर काठोकाठ हाय म्हणली व्हतीस," तो अव्वाला म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या आंघोळीसाठी म्हणले रे," अव्वा म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली.

मी थोरली, व्यवहारी. मी म्हटलं, "उमा, गुमान बैस. झालं ते झालं. मुलाखतीत टाकीचा विषय काढायचाच न्हाई. तिथल्या साहेबाला काय सपान पडणार हाय, की तुझ्या यंत्रावर टाकी हाय म्हणून?"

उमा म्हणाला, "आधी खरंच टाकी हाय का ते बघावं लागंल. अजून योगायोग असू शकतो."

"किती टक्के?" मी विचारलं.

टक्के न सांगता तो परत गच्चीवर गेला, तेव्हा मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली.

त्याला काय करून बघायचं होतं ते त्याने संध्याकाळी जेवताना सांगितलं. टाकी भरू द्यायची. मग भरल्या भरल्या, भलत्याच वेळी, एका दमात ती रिकामी करायची. आकडा लगेच वर चढला तर दोष टाकीचा. न चढला तर शोध खरा. हळूहळू पाणी वापरून हे कळणार नाही, कारण तसं तर दर आठवड्याला होतंच आहे.

अव्वाने ताटात वाढता वाढता हात थांबवला. "रिकामी म्हणजे?"

"म्हणजे सगळं पाणी सोडून द्यायचं."

"उमा, तू लातुरात बसून बोलायलास," ती म्हणाली. "नांदेडात गोदावरी हाय म्हणून असले खेळ सुचतात. हितं तोंड धुतलेलं पाणी मी तुळशीला घालते. टाकी सांडायची? लोक मला येड्याच्या दवाखान्यात नेतील, आणि ते बरोबरच करतील."

अप्पा जेवण अर्धं टाकून चपला घालून बाहेर गेले.

दोन दिवस हा विषय कुणी काढला नाही. उमा जेवायला बसायचा, भाकरीचा चतकोर मोडायचा आणि तेवढ्यावर उठायचा. अव्वाने शेंगदाण्याची चटणी केली, धपाटे केले, शेवटी हुरड्याच्या दिवसांतलं राखून ठेवलेलं काय काय काढलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी गुरुवारी सकाळी नळ आला. दुसऱ्या दिवशी त्याची मुलाखत होती. मोटार लावून टाकी भरली, वरून धार सांडायला लागली तशी अव्वाने मोटार बंद केली आणि कमरेला पदर खोचला.

"सांडायची न्हाई," ती म्हणाली. "वाटायची." आणि दारात जाऊन तिने धुरपताबाईंना हाक मारली.

एवढ्या दिवसांनी नळ आला की आमच्या गल्लीत प्रत्येकीचं एखादं तरी भांडं भरायचं राहून जातं. कुणाची मोटार ओढत नाही, कुणाच्या घरी नेमके त्याच वेळी सगळे कामावर. हाक गेल्याबरोबर घागरी, कळश्या, बादल्या, टिपाडं, पोरांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा आल्या. टाकीच्या तोटीला लांब पाइप लावून आम्ही तो गच्चीवरून रस्त्यावर सोडला. अव्वा पाइपचं तोंड हातात धरून उभी राहिली आणि घागरीमागून घागर भरत गेली.

"पार्वतम्मा, कशाबद्दल ओ हे?" बायका विचारायला लागल्या.

"उमाचं काम हाय," एवढंच ती म्हणे.

गल्लीला तेवढं पुरलं. पोराचा नंबर लागला, म्हणून पार्वतम्माने नवस फेडला, असं रस्त्याच्या या टोकाला ठरलं आणि त्या टोकाला पोचेपर्यंत उमा परदेशात चालला होता. लोक पेढे वाटतात, ह्यांनी पाणी वाटलं, मोठं मन पाहिजे, असं सगळे म्हणत होते.

मी वरच्या खोलीत उमाजवळ होते. खालून भांड्यांचा गलका येत होता, वर टाकीत पाणी गुडगुडत उतरत होतं, आणि पडद्यावर आकडा चढत होता. आधी जरा जरा, मग चांगलाच. पडद्यावर दोन रेघा होत्या, निव्वळ योगायोग असला तर आकडा त्यांच्या मध्येच राहतो म्हणे. आकडा त्यांतल्या वरच्या रेघेलाही ओलांडून गेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण उमाचे हात मांडीवर पडले होते ते कळत होतं.

तेवढ्यात धुरपताबाई धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांच्या मुठीत साखर होती. "घे, बाबा, तोंड गोड कर," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीचं नाव काढलंस." उमाने तोंड उघडलं, साखर खाल्ली आणि त्यांच्या पाया पडला. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझ्या भावाला मी जन्मभर चिडवत आले, पण त्या वेळी कुणी त्याला हसलं असतं तर हसणाऱ्याला मी जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

टाकी संपली. बायका घरोघर गेल्या. अव्वा ओलीचिंब वर आली.

"काय निघालं?"

"टाकीच हाय, अव्वा. आभाळात काई न्हाई."

तिने ओला पदर पिळला. मग म्हणाली, "आता मी लोकाला काय सांगू?" आणि पदराने हात पुसत खाली निघून गेली. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसायला गेली नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे उमाच्या आंघोळीला घरात थेंब नव्हता. धुरपताबाई आमच्याच पाण्यातली एक बादली घेऊन आल्या आणि मोठा उपकार केल्यासारखं बघून गेल्या. मी रजा टाकून उमाबरोबर नांदेडला गेले. एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी त्याला समजावत होते, की अजूनही वेळ गेलेली नाही, टाकीचं नाव काढू नको. तो खिडकीबाहेर बघत होता. लोहा गेल्यावर म्हणाला, "अक्का, मी टाकीपासूनच सुरुवात करणार." मी त्याच्याशी बोलणं बंद केलं आणि नांदेडपर्यंत शेंगा एकटीने खाल्ल्या.

आत काय झालं ते त्याने बाहेर आल्यावर सांगितलं. आत गेल्या गेल्या त्याने सांगितलं होतं, की ज्या शोधासाठी तुम्ही मला बोलावलं तो चुकीचा आहे, ते आमच्या टाकीचं पाणी आहे, आणि मी ते टाकी रिकामी करून पाहिलं. आकड्यांचा चढता आलेख दाखवला. समोर बसलेले लोक हसायला लागले, वाईट नाही, चांगलं खळखळून. एकजण मात्र हसले नाहीत. ते आमच्याच जिल्ह्यातले, उदगीरकडचे असावेत, असा उमाचा पंच्याहत्तर टक्के अंदाज. त्यांनी विचारलं, "लातुरात टाकी रिकामी केली? कुणी करू दिली?" उमा म्हणाला, "आईने." त्यांनी विचारलं, "मग आज आंघोळीचं काय केलं?" उमाने शेजारच्या बादलीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नाव दुपारी तिथंच सांगितलं. मी त्या साहेबांना, त्यांच्या अणुभट्टीला आणि तिथल्या सगळ्या न्यूट्रॉनना मनसोक्त बोलून घेतलं, आणि मग रुमालात तोंड खुपसून रडले. उमा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता. जायचं तर त्याला होतं, आणि रडत मी होते. तो म्हणाला, "अक्का, बरं वाटायलंय मला." किती टक्के, असं मी विचारलं नाही.

घरी मी फोन करून कळवलं. अव्वा फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तो परतीचा प्रवास मला अजून आठवतो. मला सारखी भीती वाटत होती ती गल्लीची. साखर खाऊन झाली होती, टाकी वाटून झाली होती, आणि आता प्रत्येक दारातून विचारणार, आणि हा प्रत्येकाला खरं खरं सांगत बसणार.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागायचे होते. धुरपताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, शेजारी आणखी दोघी-तिघी. "आला का रे, बाबा? कधी निघायचं मग?" त्यांनी विचारलं. उमाने पिशवी खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आमच्या दारातून अव्वा बाहेर आली. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, कपाळावर विभूती ठळक लावली होती. एखाद्या लग्नाला निघाली असावी अशी दिसत होती. ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि ज्या आवाजात तिने गल्लीला आभाळातला शोध सांगितला होता त्याच आवाजात म्हणाली, "न्हाई लागला नंबर. जे सापडलं व्हतं ते चुकीचं निघालं. साहेबांच्या पुढं उभा ऱ्हाऊन, माझं चुकलं, म्हणून सांगून आला माझा उमा. कुणी इच्यारलंबी नव्हतं त्याला."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. अव्वाने धुरपताबाईंच्या उत्तराची वाट पाहिली नाही. पुढच्या दारात आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती तिथं गेली, कडी वाजवली आणि तेच पहिल्यापासून सांगायला लागली.